सहायक क्रियापदांचा जकातनाका

गेल्या काही वर्षांत हिंदी प्रदेशातील विद्यार्थ्यांसाठी शिक्षणाचे एक दार थोडेफार उघडले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने किमान पाचवीपर्यंत, आणि शक्य तेथे आठवीपर्यंत व त्यापुढेही, मातृभाषेतून शिक्षण द्यावे असे म्हटले. २०२१ मध्ये काही निवडक अभियांत्रिकी महाविद्यालयांना हिंदी, मराठी आदी भारतीय भाषांतून अध्यापन करण्याची मुभा मिळाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये भोपाळ येथे वैद्यकीय पदवीच्या पहिल्या वर्षाची हिंदी पाठ्यपुस्तके समारंभपूर्वक प्रकाशित झाली. २०२३ मध्ये कर्मचारी निवड आयोगाच्या काही परीक्षा इंग्रजी व हिंदीखेरीज आणखी १३ भारतीय भाषांतून घेण्याचा निर्णय झाला. या निर्णयांचे स्वागत झाले आणि ते योग्यच होते.

परंतु शिक्षणाच्या इमारतीला दोन दारे असतात. एका दाराने विद्यार्थी आत जातो आणि दुसऱ्या दाराने तो नोकरीच्या शोधात बाहेर पडतो. पहिल्या दारावरचा पहारा सैल झाला. दुसऱ्या दारावरचा होता तसाच आहे. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर स्तरावरील परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात १०० प्रश्न असतात व त्यांपैकी २५ इंग्रजीचे असतात. प्रश्नपत्रिकेचे माध्यम हिंदी निवडले तरी हे २५ प्रश्न चुकत नाहीत. त्यांत ‘वाक्यातील चूक ओळखा’ हा प्रकार ठरलेला आहे. खाजगी क्षेत्रात लेखी परीक्षेची गरजही पडत नाही. मुलाखतीत उमेदवाराने ‘आय डिड नॉट वेंट’ असे म्हटले, की समोरच्या कागदावर फुली पडते.

ज्या चुकांमुळे ही फुली पडते, त्यांपैकी फार मोठ्या संख्येने चुका एका लहानशा शब्दगटाच्या आहेत. डू, डिड, इज, अ‍ॅम, हॅव, हॅड, विल, वुड हे तो शब्दगट. व्याकरणात यांना सहायक क्रियापदे म्हणतात. मुख्य क्रियापदाला साहाय्य करणे एवढेच त्यांचे काम. आपल्याकडे मात्र त्यांच्यावर उमेदवाराची बुद्धी, संस्कार आणि लायकी मोजण्याचे काम सोपविण्यात आले आहे. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने व्याकरणाच्या शेतात का शिरावे, या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. मिळकतीची वाटणी जेथे ठरते, ते ठिकाण बाजारपेठ असो वा वाक्यरचना, अर्थशास्त्राच्या कक्षेत येतेच.

हिंदी भाषकांचा प्रश्न मराठी वृत्तपत्रात कशासाठी, असेही कोणी विचारील. २०२५ मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकविण्यावरून जो वाद झाला आणि शासनाला आपले निर्णय जूनअखेर मागे घ्यावे लागले, त्याची आठवण ताजी आहे. पण एखाद्या भाषेची सक्ती नको असणे आणि त्या भाषेच्या मुलांच्या अडचणीविषयी उदासीन असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय पुढील विवेचनात दिसेल त्याप्रमाणे हिंदी मुलाच्या इंग्रजीत जे चुकते, त्यातले बरेचसे मराठी मुलाच्या इंग्रजीतही त्याच कारणाने चुकते.

चुकांमागील नियम

सर्वांत प्रसिद्ध चूक ‘डिड यू वेंट?’ ही. हिंदीत ‘क्या आप गए?’ असा प्रश्न विचारतात. भूतकाळ ‘गए’ या क्रियापदातच आहे. ‘क्या’ हा केवळ प्रश्न दाखवितो. मराठीतही ‘तू गेलास का?’ या वाक्याची घडण हीच आहे. इंग्रजीत मात्र प्रश्न किंवा नकार आला की ‘डू’ हे सहायक क्रियापद बोलवावे लागते आणि काळाचे ओझे ते स्वतःच्या डोक्यावर घेते. ‘डिड’ने ते उचलले की मुख्य क्रियापदाने ते खाली ठेवायचे व मूळ रूपात उभे राहायचे: ‘डिड यू गो?’. हिंदीत किंवा मराठीत अशी विभागणी नाही. त्यामुळे विद्यार्थी ‘डिड’ आणतो, कारण तसे शिकविलेले असते. आणि ‘वेंट’ही ठेवतो, कारण भूतकाळ क्रियापदातच असतो हे त्याच्या भाषेने त्याला लहानपणापासून सांगितलेले असते. ‘ही डझ नॉट नोज’ या वाक्याची कथाही हीच.

या ‘डू’विषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. प्रश्नासाठी व नकारासाठी ‘डू’ वापरण्याची सक्ती खुद्द इंग्रजीतही जुनी नाही. पंधराव्या शतकानंतर ही पद्धत हळूहळू पसरली आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस बरीचशी स्थिर झाली. शेक्सपिअरच्या नाटकांत ‘डू’सह विचारलेले प्रश्न आहेत, तसे ‘डू’शिवाय केवळ क्रियापद पुढे घेऊन विचारलेले प्रश्नही आहेत. ज्या नियमावाचून इंग्रजीतील सर्वश्रेष्ठ नाटककाराचे अडले नाही, तो नियम बलिया किंवा छतरपूरच्या मुलाला जन्मतः उमगावा, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

दुसरी चूक ‘आय हॅड गॉन टू डेल्ही यस्टरडे’ ही. हिंदीत ‘मैं कल दिल्ली गया था’ हे निर्दोष वाक्य आहे. मराठीत ‘मी काल दिल्लीला गेलो होतो’ हेही तितकेच निर्दोष. आपल्या भाषांत ‘था’ किंवा ‘होतो’ लावला की ती घटना घडून गेली व वर्तमानापासून सुटी झाली, एवढाच अर्थ पुरतो. इंग्रजीतील ‘हॅड’ मात्र दोन भूतकालीन घटनांची अपेक्षा करते आणि त्यांतील आधीची कोणती ते सांगते. गाडी सुटली आणि त्यानंतर आपण स्थानकावर पोहोचलो, तर सुटण्याला ‘हॅड’. एकच घटना सांगायची असेल तर साधे ‘वेंट’ पुरे. दोन भाषांतील रूपे एकसारखी दिसतात. त्यांचे कार्य मात्र वेगळे आहे. अशा दिसण्यातील साम्यानेच विद्यार्थी फसतो.

तिसरी चूक कालावधीची: ‘आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स’. ‘मैं दो साल से यहाँ काम कर रहा हूँ’ या वाक्यात काम अजून चालू आहे, म्हणून हिंदीला वर्तमानकाळ योग्य वाटतो. मराठीलाही तसेच वाटते. इंग्रजी मात्र तेथे ‘हॅव बीन’ मागते आणि ‘सिन्स’ऐवजी ‘फॉर’ मागते. याबाबत जर्मन व फ्रेंच या भाषा इंग्रजीच्या नव्हे, तर हिंदीच्या बाजूला आहेत. तेथेही असे वाक्य वर्तमानकाळातच बोलतात. म्हणूनच ही चूक जर्मन आणि फ्रेंच माणसांच्या इंग्रजीतही आढळते. त्यांची चूक ऐकून कोणी त्यांच्या बुद्धीविषयी अनुमान काढीत नाही.

चौथी चूक शब्दक्रमाची: ‘व्हॉट यू आर डूइंग?’. हिंदीत ‘तुम क्या कर रहे हो?’ असे विचारताना कर्ता आपली जागा सोडीत नाही. इंग्रजीत सहायक क्रियापद कर्त्याला ओलांडून पुढे येते. हा नियम प्रयत्नपूर्वक पाठ झाला की दुसरे टोक गाठले जाते आणि विद्यार्थी ‘टेल मी व्हेअर आर यू गोइंग’ असे म्हणू लागतो. कारण दुसऱ्या वाक्यात सामावलेल्या प्रश्नात हा क्रम पुन्हा सरळ होतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. पाचवी चूक वाक्याच्या शेपटाची. हिंदीतील ‘है न?’ आणि मराठीतील ‘ना?’ कोणत्याही वाक्याला जोडता येतात. त्यांच्या जागी ‘इजन्ट इट?’ बसविले की ‘यू आर कमिंग, इजन्ट इट?’ असे वाक्य तयार होते. इंग्रजीला येथे ‘आरन्ट यू?’ हवे असते. प्रत्येक वाक्यातील सहायक क्रियापद हुडकून ते उलटवून शेवटी जोडणे, हा व्यायाम फ्रेंच व जर्मन भाषाही करीत नाहीत. त्यांनाही आपल्यासारखे एकच ठरावीक शेपूट पुरते.

सहावी आणि सर्वाधिक थट्टा झालेली चूक ‘आय अ‍ॅम नोइंग’ किंवा ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ ही. येथे कारण थोडे खोल आहे, कारण हिंदी भाषक ‘मैं जान रहा हूँ’ असे सहसा म्हणत नाही. तो ‘मैं जानता हूँ’ म्हणतो. परंतु या वाक्यातही दोन तुकडे आहेत: ‘जानता’ आणि ‘हूँ’. इंग्रजीच्या साध्या वर्तमानकाळात क्रियापद एकटेच उभे असते. आपल्या दोन तुकड्यांसाठी विद्यार्थी इंग्रजीत दोन तुकडे शोधतो, तेव्हा ‘अ‍ॅम’ आणि ‘नोइंग’ हे त्याच्या हाती लागतात. ‘हूँ’ रिकामा राहू नये, अशी ही प्रामाणिक हिशेबाची वृत्ती आहे.

या सहा प्रकारांवरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. या चुका गोंधळातून होत नाहीत. त्या नियमातून होतात. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये विद्यार्थ्यांच्या चुकांचे महत्त्व सांगणारा एक निबंध लिहिला. घाईत किंवा थकव्यात होणारी चूक वेगळी आणि विद्यार्थ्याच्या मनात तयार झालेल्या नियमव्यवस्थेतून होणारी चूक वेगळी, हा भेद त्यांनी तेथे केला. दुसऱ्या प्रकारची चूक शिक्षकाला सांगते की विद्यार्थी कोठवर आला आहे. ज्या चुका लक्षावधी मुले एकाच रीतीने करतात, त्या आळसाच्या असूच शकत नाहीत. आळस इतका शिस्तबद्ध नसतो.

पाठांतराने पक्की झालेली चूक

आता एक अधिक अप्रिय मुद्दा. या चुकांचा दोष एकट्या मातृभाषेवर टाकता येत नाही. हिंदी प्रदेशातील शाळांतून आणि शिकवणी वर्गांतून इंग्रजीचे काळ शिकविण्याची एक रूढ पद्धत आहे. हिंदी वाक्याच्या अखेरीस ‘ता है, ती है, ते हैं’ आले तर साधा वर्तमानकाळ; ‘रहा है, रही है, रहे हैं’ आले तर अपूर्ण वर्तमानकाळ; ‘चुका है’ आले तर ‘हॅज’ किंवा ‘हॅव’; आणि ‘चुका था’ किंवा नुसते ‘या था, यी थी, ये थे’ आले तर ‘हॅड’. मुले हे कोष्टक पाढ्यांसारखे म्हणतात. पद्धत सोपी आहे, मोठ्या वर्गाला चालते आणि परीक्षेतील भाषांतराच्या प्रश्नाला बऱ्यापैकी गुण मिळवून देते.

पण या कोष्टकाप्रमाणे ‘मैं कल दिल्ली गया था’ या वाक्याचे भाषांतर करून पाहावे. अखेरीस ‘था’ आहे. म्हणून ‘हॅड गॉन’. म्हणजे ज्या चुकीसाठी विद्यार्थी पुढे मुलाखतीत नापसंत ठरतो, ती चूक त्याने वर्गात शिकविलेला नियम तंतोतंत पाळल्यामुळे झालेली असते. जो विद्यार्थी अधिक आज्ञाधारक, त्याची चूक अधिक पक्की. ज्याच्या घरी इंग्रजी बोलले जाते, त्याला या कोष्टकाची गरजच पडत नाही. त्याचा कान त्याला योग्य रूप सांगतो. कोष्टकावर सर्वस्वी विसंबून राहावे लागते ते ज्याच्या कानावर इंग्रजी पडतच नाही त्याला.

याला आणखी एक पदर आहे. २०११ च्या जनगणनेत ५२ कोटी ८३ लाख लोकांची, म्हणजे ४३.६ टक्के भारतीयांची, मातृभाषा हिंदी नोंदली गेली. परंतु या आकड्यात भोजपुरी, मगही, छत्तीसगढी, राजस्थानी अशा अनेक भाषा सामावलेल्या आहेत. एकट्या भोजपुरीचे बोलणारे सुमारे पाच कोटी. पूर्व उत्तर प्रदेशातील मूल घरी ‘बा’ म्हणते, शाळेत ‘है’ शिकते आणि मग ‘इज’कडे वळते. भोजपुरीत हिंदीसारखा ‘ने’चा प्रयोग नाही, म्हणून ते आधी प्रमाण हिंदीत चुकते आणि त्यासाठी शिक्षा भोगते, नंतर इंग्रजीत चुकते. ‘हिंदी माध्यम’ या दोन शब्दांआड असलेली ही पायरी आपण विचारात घेत नाही. त्याच जनगणनेत इंग्रजी ही मातृभाषा असलेल्यांची संख्या अवघी दोन लाख साठ हजारांच्या आसपास आहे. तात्पर्य, ज्या भाषेच्या सूक्ष्म नियमांवर एवढी मोठी निवड चालते, ती या देशात जवळजवळ कोणाच्याच जन्माची भाषा नाही. फरक आहे तो, ती विकत घेण्याची ऐपत असलेल्यांत आणि नसलेल्यांत.

खोटा संकेत

इंग्रजीचे बाजारमूल्य किती, याचा एक विश्वसनीय अंदाज उपलब्ध आहे. मेहताबुल आझम, एमी चिन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी २००५ च्या भारतीय मानवी विकास सर्वेक्षणातील माहितीवर आधारलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. शिक्षण, वय, सामाजिक गट इत्यादी घटकांचा हिशेब बाजूला काढल्यावरही, अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषांचे तासाचे वेतन मुळीच इंग्रजी न बोलणाऱ्यांपेक्षा सरासरी ३४ टक्के अधिक आढळले. थोडेफार इंग्रजी बोलणाऱ्यांना १३ टक्के अधिक मिळत होते. ‘अस्खलित’ आणि ‘थोडेफार’ यांच्यामधले हे २१ टक्क्यांचे अंतर लक्षात घेण्यासारखे आहे. थोडेफार बोलणारा माणूसही आपले काम समजावून सांगू शकतो. तरीही तो बराच मागे राहतो.

या अंतराचा काही भाग न्याय्य आहे, यात शंका नाही. ज्या कामात परदेशी ग्राहकाशी बोलावे लागते, करारनामे लिहावे लागतात, तेथे भाषेवरील प्रभुत्व हीच उत्पादकता असते. परंतु गोदामाचा हिशेबनीस, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, जिल्हा कार्यालयातील लिपिक यांच्या निवडीतही जेव्हा तोच निकष लावला जातो, तेव्हा त्याचे समर्थन वेगळ्या आधारावर केले जाते. चांगले इंग्रजी हे मेहनतीचे व बुद्धीचे लक्षण आहे, असे म्हटले जाते.

मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेला संकेताचा सिद्धान्त येथे उपयोगी पडतो. याच विषयक्षेत्रातील कार्यासाठी त्यांना २००१ मध्ये जॉर्ज अकरलॉफ आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. उमेदवाराची खरी क्षमता मालकाला दिसत नाही; म्हणून तो पदवीसारख्या बाह्य संकेताकडे पाहतो, असे हा सिद्धान्त सांगतो. मात्र संकेत विश्वासार्ह ठरण्यासाठी एक अट आहे: तो मिळविण्याचा खर्च सक्षम माणसाला कमी आणि अक्षम माणसाला जास्त पडला पाहिजे. तसे असेल तरच संकेत क्षमता दाखवितो.

सहायक क्रियापदांच्या बाबतीत ही अट मोडते. ‘डिड’नंतर मूळ क्रियापद यावे हे कळण्याचा खर्च बुद्धीप्रमाणे बदलत नाही, तो घराप्रमाणे बदलतो. इंग्रजी शाळेत वाढलेल्या सामान्य कुवतीच्या मुलाला ते फुकट मिळते. हिंदी शाळेतील हुशार मुलाला त्यासाठी शिकवणीचे शुल्क भरावे लागते, शहरात खोली घ्यावी लागते आणि एरवी गणित किंवा विज्ञान यांवर खर्च झाली असती अशी वर्षे द्यावी लागतात. जो संकेत जन्माने स्वस्त किंवा महाग होतो, तो क्षमतेविषयी फारसे सांगत नाही. त्यावर विसंबणारा मालक उमेदवारावर अन्याय करतोच. शिवाय स्वतःचेही नुकसान करून घेतो, कारण त्याने चाळणी लावली ती भलत्याच गोष्टीसाठी.

जुन्या जकातनाक्यांची येथे आठवण होते. माल कोणता, त्याची प्रत काय, याच्याशी नाक्याला कर्तव्य नसे. तो बाहेरून आला एवढे पुरे. मुंबईतील जकात २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराबरोबर इतिहासजमा झाली. भाषेच्या वेशीवरचा नाका मात्र अजून वसुली करीत आहे.

दोन टोके

हा अन्याय हिंदी प्रदेशातील नेतृत्वाला पूर्वीच जाणवला होता. १९६७ मध्ये राममनोहर लोहिया यांच्या प्रेरणेने ‘अंग्रेज़ी हटाओ’ आंदोलन उत्तर प्रदेशात व इतरत्र पेटले. त्याच वर्षी बिहारमध्ये कर्पूरी ठाकूर यांनी मॅट्रिकच्या परीक्षेतील इंग्रजी उत्तीर्ण होण्याची सक्ती काढून टाकली. असंख्य ग्रामीण मुलांचा, विशेषतः मुलींचा, मार्ग केवळ इंग्रजीमुळे अडत होता आणि तो मोकळा झाला, हे या निर्णयाचे श्रेय नाकारता येणार नाही. पण इंग्रजीवाचून उत्तीर्ण झालेल्यांना ‘कर्पूरी डिव्हिजन’ म्हणून हिणविण्यात आले, आणि पुढे नोकरीच्या बाजाराने इंग्रजीची मागणी मुळीच कमी केली नाही. पश्चिम बंगालमध्ये १९८० च्या दशकात डाव्या आघाडीच्या सरकारने प्राथमिक वर्गांतून इंग्रजी काढले. पुढे ते परत आणावे लागले. महाराष्ट्राने २००० मध्ये उलट दिशेने जाऊन सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. शाळेतून इंग्रजी काढल्याने ते समाजातून जात नाही. फक्त ते शुल्क भरणाऱ्यांच्या शाळांत जाऊन बसते.

दुसरे टोक परीक्षा घेणाऱ्यांचे. २०११ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत जी अभिक्षमता चाचणी आली, तिच्यात इंग्रजी आकलनाचे प्रश्न होते आणि त्यांचे गुण निवडीत धरले जात. मार्च २०१३ मध्ये मुख्य परीक्षेतील इंग्रजीचे गुणही अंतिम यादीत धरण्याचे जाहीर झाले. संसदेत गदारोळ होऊन ते मागे घ्यावे लागले. २०१४ च्या उन्हाळ्यात व पावसाळ्यात दिल्लीच्या मुखर्जी नगर भागातील हिंदी माध्यमाचे उमेदवार रस्त्यावर आले. त्या वर्षी इंग्रजी आकलनाचे गुण गुणवत्तेत न धरण्याचा निर्णय झाला आणि २०१५ पासून ती संपूर्ण प्रश्नपत्रिका ३३ टक्क्यांची केवळ पात्रता परीक्षा ठरली. देशातील सर्वोच्च नोकरभरतीत हा सुज्ञ तोडगा निघाला. इंग्रजी यावे, पण तिच्यावर क्रमांक ठरू नये, हे तत्त्व मान्य झाले. खालच्या पायरीवरच्या परीक्षांत मात्र, जेथे उमेदवारांची संख्या कैक पटींनी अधिक आहे आणि कामात इंग्रजीची गरज बरीच कमी आहे, तेथे हे तत्त्व अद्याप पोहोचलेले नाही. जिल्हाधिकारी होणाऱ्याच्या गुणवत्ता क्रमात पूर्वपरीक्षेतील इंग्रजी धरायचे नाही, आणि त्याच्या कार्यालयातील साहाय्यकाच्या क्रमात मात्र ‘चूक ओळखा’चे गुण धरायचे, हे तर्कशास्त्र समजणे अवघड आहे.

मार्ग कोणता?

येथे एक आक्षेप रास्त आहे. सगळ्याच चुका क्षम्य मानल्या तर शिकवायचे काय? भाषेला प्रमाण नको का? प्रमाण हवेच. पण चुकांची प्रतवारी करायला हवी. ‘यू मस्ट नॉट टेक धिस टॅब्लेट’ आणि ‘यू नीड नॉट टेक धिस टॅब्लेट’ या दोन वाक्यांत एका सहायक क्रियापदाचा फरक आहे. पहिल्यात गोळी घेण्यास मनाई आहे, दुसऱ्यात फक्त सक्ती नाही. परिचारिकेला किंवा औषधविक्रेत्याला हा भेद समजलाच पाहिजे. कायद्याच्या भाषेत ‘शॅल’ आणि ‘मे’ यांतील अंतरावर न्यायालयांत दीर्घ युक्तिवाद होतात, कारण त्यावर अधिकार आणि कर्तव्य यांचा निवाडा अवलंबून असतो. याउलट ‘आय हॅड गॉन यस्टरडे’ किंवा ‘इजन्ट इट?’ यांमुळे ऐकणाऱ्याचा कोणताही गैरसमज होत नाही. त्याला एवढेच कळते की बोलणारा कोणत्या शाळेतून आला. पहिल्या प्रकारच्या चुका अर्थाच्या, दुसऱ्या प्रकारच्या ओळखीच्या. आजच्या परीक्षा या दोहोंना सारखेच गुण देतात. मुलाखती तर दुसऱ्या प्रकारालाच अधिक महत्त्व देतात.

म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली वर्गातील. ‘ता है, ती है’चे कोष्टक मोडीत काढून दोन्ही भाषा शेजारी ठेवून शिकवावे. ‘गया था’ केव्हा ‘वेंट’ होतो आणि केव्हा ‘हॅड गॉन’, हे हिंदीतच समजावून सांगता येते. हिंदीत ‘करना चाहिए’, ‘करना है’ आणि ‘करना पड़ेगा’ असे कर्तव्याचे तीन नाजूक स्तर आहेत. ‘शुड’, ‘हॅव टू’ यांची ओळख त्यांच्या आधाराने किती सहज होईल! मातृभाषा ही अडगळ नसून शिडी आहे, हे विद्यार्थ्याला पटले तर त्याची अर्धी भीती जाईल. अलाहाबादला १९५६ पासून इंग्रजी अध्यापनाची संस्था आहे, हैदराबादला १९५८ पासून आहे. तज्ज्ञांची वानवा आपल्याकडे नाही. त्यांचे ज्ञान तालुक्याच्या शाळेतील शिक्षकापर्यंत पोहोचविण्याची तरतूद अंदाजपत्रकात हवी. नोकरीत असलेल्या शिक्षकाच्या प्रशिक्षणावर होणारा खर्च हा शिक्षणावरील सर्वांत उत्पादक खर्चांपैकी एक आहे.

दुसरी गोष्ट परीक्षेतील. २०१५ चे तत्त्व कर्मचारी निवडीच्या व बँकांच्या परीक्षांना लावावे. इंग्रजी पात्रतेपुरते ठेवावे आणि त्यातही चुका हुडकण्याऐवजी आकलन तपासावे. कार्यालयीन टिपण वाचून त्याचा आशय सांगता येतो की नाही, एवढे पाहावे. चुका हुडकण्याच्या प्रश्नांनी इंग्रजी सुधारत नाही. चुका हुडकण्याच्या पुस्तकांचा खप तेवढा वाढतो. याचा लाभ मराठी उमेदवारालाही होईल. ज्या १३ भाषांत २०२३ पासून काही परीक्षांची सोय झाली, त्यांत मराठी आहे. पण इंग्रजीच्या विभागासमोर नांदेडचा आणि गोरखपूरचा उमेदवार एकाच रांगेत उभे असतात.

तिसरी गोष्ट आपल्या सर्वांच्या हातातील. उमेदवाराच्या तोंडून ‘डिड वेंट’ बाहेर पडताच आपल्या ओठांवर जे स्मित येते, ते आवरणे. अमराठी माणसाने ‘माझी घर’ म्हटले तर आपण त्याचे कौतुक करतो, की बिचारा प्रयत्न करतो आहे. फ्रेंच पाहुण्याचे मोडके इंग्रजी आपल्याला गोड वाटते. मग बिहारच्या तरुणाचे इंग्रजीच का हास्यास्पद वाटावे? त्याचे कारण व्याकरणात सापडणार नाही. ते आपल्या समाजाच्या उतरंडीत आहे, आणि व्याकरण हे त्या उतरंडीचे सोयीचे पांघरूण आहे.

हिंदी माध्यमातून डॉक्टर व अभियंते घडविण्याचा प्रयोग आता सुरू झाला आहे. या तरुणांच्या पहिल्या तुकड्या नोकरीच्या बाजारात उतरतील, तेव्हा त्यांच्या शरीरशास्त्राच्या किंवा यंत्रविद्येच्या ज्ञानाआधी त्यांचे ‘डू’ आणि ‘डिड’ तपासले गेले, तर भोपाळच्या त्या समारंभाला काही अर्थ उरणार नाही. आत येण्याचे दार मोठे करायचे आणि बाहेर पडण्याचे तसेच अरुंद ठेवायचे, याचा परिणाम एकच होतो. गर्दी आत साचते आणि ज्यांच्यासाठी दार मोठे केले, तेच चेंगरतात. त्यांना इंग्रजी चांगले शिकवावे, ही शासनाची जबाबदारी आहे. ते शिकत असताना, त्यांच्या अपूर्ण इंग्रजीवरून त्यांच्या पूर्ण योग्यतेचा निकाल लावू नये, ही निवड करणाऱ्यांची.